हात कुठे संपतो? मेंदूतला देह आणि त्याच्या भोवतीची जागा

दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कापणी उरकली की खान्देशात कडब्याचे भारे डोक्यावरून गोठ्याकडे निघतात. भारा बाईच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि त्याचं वरचं टोक तिला दिसतही नाही. तरी वाटेत बाभळीची फांदी आली की ती हवी तेवढीच वाकते आणि गोठ्याच्या दारात अंग तिरकं करून शिरते. भारा किती रुंद आहे असं विचारलं तर तिला फुटात सांगता येणार नाही. पण भारा डोक्यावर असेपर्यंत तिचा मेंदू त्याला तिच्या अंगातच धरून चालतो.

लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स यांनी १९११ साली हीच गोष्ट तिकडच्या उदाहरणानं मांडली होती. बाईच्या टोपीत खोवलेल्या पिसाच्या टोकापर्यंत तिची शरीराची जाणीव पोचते, असं त्यांनी लिहिलं. त्या जाणिवेमागे मेंदू जी मांडणी करतो तिला आपण देह-आराखडा म्हणू. ही मांडणी मेंदू क्षणोक्षणी नव्यानं करत असतो. म्हणून ती ताणता येते, फसवता येते, आणि मेंदूला इजा झाली तर तिचा अर्धा भाग पुसलाही जातो. घरात लकवा झालेला, मधुमेहाचा किंवा हात-पाय गमावलेला माणूस असेल, तर त्याच्या वागण्यातल्या बऱ्याच न समजणाऱ्या गोष्टींचा उलगडा इथे होतो.

डोळे मिटल्यावरही हात सापडतो तो कसा

डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. बोट बरोबर पोचतं. ही माहिती मुख्यतः स्नायूंतून येते. स्नायूच्या तंतूंमध्ये काही मिलिमीटर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेलाय आणि किती वेगानं ताणला जातोय, हे ते कळवतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांमध्ये दुसऱ्या प्रकारचे संवेदक असतात, ते ओढ किती आहे ते सांगतात. सांध्यावरची कातडी ताणली जाते तिचीही भर पडते. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ मध्ये या जाणिवेला स्वतंत्र नाव दिलं. मराठीत तिला अंगस्थितीची जाणीव म्हणता येईल.

या बातम्या आणणारे मज्जातंतू शरीरातले सर्वांत वेगवान आहेत, सेकंदाला ८० ते १२० मीटर. वेदनेचे सर्वांत बारीक तंतू सेकंदाला फक्त अर्धा ते दोन मीटर जातात. पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तेव्हा ‘लागलं’ हे आधी कळतं आणि खोल कळ जरा उशिरानं येते, ती यामुळेच.

याखेरीज आणखी तीन ठिकाणांहून माहिती येते. डोळे तर आहेतच. प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं कुठे वळलं, कुठे कललं, हे त्यातून कळतं. चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मेंदू स्नायूला हुकूम देतो तेव्हा त्या हुकुमाची एक प्रत स्वतःकडे ठेवतो आणि आता काय जाणवेल याचा अंदाज आधीच बांधतो. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या होत नाहीत याचं कारण हा आधीचा अंदाज.

अंगस्थितीची जाणीव पूर्ण गेली तर काय होतं, याचं एक उदाहरण वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. १९७१ मध्ये १९ वर्षांच्या एका ब्रिटिश तरुणाची, एका संसर्गानंतर, मानेखालची स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाणीव गेली. स्नायूंची ताकद शाबूत होती, लकवा नव्हता. तरी त्याला उठून बसताही येईना. पुढे तो प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत, मनात आखत पुन्हा चालायला शिकला. पण दिवे गेले की तो जागच्या जागी कोसळायचा. ताकद असणं आणि ती वापरता येणं यांच्यामध्ये किती मोठं काम उभं आहे, हे त्या एका माणसामुळे जगाला समजलं.

उरलेल्या आपणा सर्वांचा मेंदू या साक्षी पंचासारखा ऐकतो. ज्याची साक्ष त्या वेळी जास्त भरवशाची, त्याच्या शब्दाला जास्त वजन. हात डावीकडे आहे की उजवीकडे, हे ठरवताना डोळ्याचं जास्त ऐकलं जातं. हात अंगापासून किती लांब आहे, हे ठरवताना स्नायूंचं वजन वाढतं. अंधारात डोळ्याची साक्ष बाद होते. हात न बघता आणि न हलवता काही वेळ ठेवला तर स्नायूंची बातमीही शिळी होते आणि हात कुठे आहे याचा अंदाज हळूहळू सरकतो. रात्री बराच वेळ एका कुशीवर पडल्यावर हात नेमका कसा ठेवलाय ते कळेनासं होतं, मग बोटं जराशी हलवली की तो लगेच ‘सापडतो’, तो असा.

साक्ष खोटी असली तरी मेंदू ती ऐकून घेतो. १९७२ मध्ये दाखवलं गेलं की दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर सेकंदाला शंभराच्या आसपास कंपनं दिली, तर डोळे बांधलेल्या माणसाला आपला कोपर उघडत चाललाय असं वाटतं. कंपनामुळे संवेदक ‘स्नायू ताणला जातोय’ असं ओरडत असतात. हाच प्रयोग स्वतःचं नाक चिमटीत धरून केला तर अनेकांना नाक लांब होत चालल्याचं जाणवतं. हात लांब जातोय आणि बोटं नाकावरच आहेत, या दोन्ही बातम्या एकत्र खऱ्या ठरायच्या तर नाकच वाढायला हवं. मेंदू तोही निष्कर्ष स्वीकारतो.

कापसाचा हात

फसवणुकीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. तो घरी करता येतो आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याच्याइतका स्वस्त आणि चकित करणारा प्रयोग सापडणं कठीण.

एक रबरी हातमोजा घ्या आणि त्यात कापूस घट्ट भरा. बोटांच्या टोकांपर्यंत कापूस गेला पाहिजे, नाहीतर बोटं लुळी पडतात आणि प्रयोग फसतो. उजव्या हाताचा प्रयोग असेल तर मोजाही उजवाच हवा. माणसाला टेबलाशी बसवा. त्याचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि त्याच्या आतल्या बाजूला पुठ्ठा उभा करा, म्हणजे खरा हात त्याला दिसणार नाही. पुठ्ठ्याच्या अलीकडे, खऱ्या हातापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, भरलेला मोजा त्याच दिशेला बोटं करून ठेवा. मोज्याच्या मनगटापासून त्याच्या खांद्यापर्यंत उपरणं किंवा टॉवेल पसरा, म्हणजे हात अंगातूनच निघालाय असं दिसेल. खऱ्या हातातही तसाच मोजा घातला तर आणखी चांगलं. आता रंगकामाचे एकसारखे दोन ब्रश घ्या. एक खऱ्या हातावर, एक मोज्यावर, त्याच बोटावर, त्याच दिशेनं, त्याच क्षणी फिरवा. सेकंदाला साधारण एक फटकारा. माणसानं नजर मोज्यावरच ठेवायची. मूळ प्रयोग दहा मिनिटं चालला होता. बऱ्याच लोकांना दोन-तीन मिनिटांतच स्पर्श मोज्यावर होतोय असं वाटू लागतं.

मग डोळे मिटायला सांगा आणि डाव्या हाताच्या बोटानं टेबलाखालून उजवा हात कुठे आहे ते दाखवायला सांगा. बोट खऱ्या हाताऐवजी मोज्याच्या बाजूला काही सेंटिमीटर सरकलेलं दिसेल.

बिघडतं ते बहुधा वेळेत. दोन ब्रशांमध्ये सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा जरी फरक पडला तरी भास ओसरतो. म्हणून दोन्ही ब्रश एकाच माणसानं धरावेत. मोजा आडवा-उलटा ठेवला, अशक्य वाटेल अशा कोनात ठेवला, किंवा हातापासून ३० सेंटिमीटरच्या पलीकडे नेला तर भास क्षीण होतो. मोज्याऐवजी लाकडाचा ठोकळा ठेवला तर बहुतेकदा होतच नाही. म्हणजे मेंदू वाटेल ते स्वीकारत नाही. आकार, दिशा, अंतर आणि वेळ जुळले तरच स्वीकारतो. हा प्रयोग सगळ्यांवर लागू पडतो असंही नाही. काहींना शेवटपर्यंत मोजा मोजाच वाटतो आणि त्यात काही दोष नाही.

मेंदूतला वेडावाकडा नकाशा

कॅनडात मॉन्ट्रियल इथे वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना सौम्य विद्युतप्रवाह देऊन ‘कुठे जाणवलं?’ असं विचारत असत. १९३७ मध्ये एडविन बोल्ड्री यांच्यासोबत त्यांनी यातून निघालेला नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ओठ, जीभ आणि अंगठा यांना भलीमोठी जागा होती, पाठीला आणि मांडीला अगदी थोडी.

हे स्वतःवर तपासता येतं. कंपासपेटीतलं डिव्हायडर घ्या, टोकं बोचणार नाहीत अशी बोथट करा. समोरच्यानं डोळे मिटलेले हवेत. दोन्ही टोकं एकाच वेळी, न दाबता टेकवा आणि एक जाणवतं की दोन ते विचारा. मधूनमधून एकच टोक टेकवत चला, नाहीतर तो अंदाजानंच ‘दोन’ म्हणत राहील. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरही वेगळं कळतं. तळहातावर साधारण एक सेंटिमीटर लागतो, कोपराखालच्या हातावर तीन-चार, पाठीवर चार किंवा जास्त. जर्मनीतल्या अर्न्स्ट वेबर यांनी १९व्या शतकात ही मापं काढली, तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: तेवढंच अंतर तळहातावर मोठं वाटतं आणि वरच्या हातावर लहान.

२०१० मध्ये लंडनच्या मॅथ्यू लाँगो आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी लोकांचा हात फळीखाली ठेवून, फळीवरून प्रत्येक बोटाचं टोक आणि पेर कुठे आहे ते दाखवायला लावलं. जो हात उमटला तो खऱ्यापेक्षा रुंद होता आणि बोटं आखूड होती. पण त्याच लोकांना हातांच्या आकृत्यांमधून आपल्या हातासारखी निवडायला सांगितल्यावर ती निवड बऱ्यापैकी बरोबर होती. आरशात बघून आपण जो देह ‘माझा’ म्हणून ओळखतो आणि हालचालीसाठी मेंदू जो देह आतून वापरतो, ते एकच नसतात. पुढच्या आजारांमध्ये हा फरक उघडा पडतो.

हाताच्या टप्प्यातली जागा वेगळी असते

समोरचं शेत आणि समोरची थाळी आपल्याला एकाच सलग जागेत दिसतात. मेंदूच्या हिशेबी त्या दोन वेगळ्या जागा आहेत. इटलीतल्या पार्मा इथे जाकोमो रिझोलाटी यांच्या गटाला १९८१ मध्ये माकडांच्या मेंदूत काही पेशी आढळल्या. त्या पेशी अंगाला स्पर्श झाला की चेततात आणि अंगाच्या त्याच भागाजवळ वस्तू आली, स्पर्श न करताही, तरी चेततात. तीच वस्तू दूर नेली की त्या गप्प. पुढे दिसलं की माकडाचा हात हलवला तर यातल्या बऱ्याच पेशींचं ‘बघण्याचं क्षेत्र’ हाताबरोबर सरकतं. मान वळवली, नजर फिरवली तरी ते हातालाच चिकटून राहतं. चेहऱ्याभोवती, हाताभोवती, धडाभोवती अशी वेगवेगळी वलयं असतात.

या जागेची दोन कामं आहेत: वस्तू घेणं आणि अंगावर येणारं चुकवणं. दुसऱ्या कामासाठी वलय परिस्थितीप्रमाणे लहान-मोठं होतं. वस्तू वेगानं येत असेल तर वलय आधीच रुंदावतं, कारण सावरायला तेवढा वेळ हवा. पतंगाचा मांजा किंवा वटवाघूळ डोळ्यांसमोर आलं की विचार सुरू होण्याआधीच मान मागे जाते, ते या यंत्रणेचं काम.

आता भाऱ्याकडे येऊ. जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना लहान दाताळ्यानं खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. काही मिनिटं दाताळं वापरल्यावर हाताजवळच्या वस्तूला दाद देणाऱ्या पेशी दाताळ्याच्या टोकाजवळच्या वस्तूलाही दाद देऊ लागल्या. दाताळं नुसतं हातात धरून बसलेल्या माकडात हे झालं नाही. माणसांवरचा पुरावा २००९ मध्ये फ्रान्समधून आला. ४० सेंटिमीटर लांब चिमट्यानं वस्तू उचलण्याचा सराव केल्यावर लोकांच्या मोकळ्या हाताच्या हालचाली बदलल्या, जणू हातच लांब झाला आहे. डोळे बांधून कोपर आणि बोट कुठे आहेत ते दाखवायला सांगितलं तेव्हा त्यांनी ती एकमेकांपासून जास्त लांब दाखवली.

शेवग्याच्या शेंगा ओढायची आकडी, कोळप्याचा दांडा, अंधांची पांढरी काठी, सगळीकडे हाच नियम: हत्यार वापरात हवं आणि त्याच्या टोकानं काम व्हायला हवं. खापरावरचे मांडे करणारी बाई पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत पसरवते आणि उपड्या खापरावर टाकते, तेव्हा मांड्याची कड कुठे आहे आणि कुठे पातळ झाली ते तिला हातांवरच्या वजनातून आणि ताणातून कळतं. नवशिक्या हातांचा मांडा फाटतो, कारण तो डोळ्यांनी बघून सावरण्याच्या आत तुटलेला असतो.

याचा एक व्यवहारातला उपयोग. म्हाताऱ्या माणसाला काठी द्यायची तर रोज वेगळी, कधी वेळू, कधी छत्री, असं करू नये. एकच काठी, एकच लांबी. पायात नेहमीच्या चपला-बूट घालून सरळ उभं करा, हात मोकळा सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. मग मूठ धरल्यावर कोपर थोडा, २० ते ३० अंश, वाकतो. एक पाय कमजोर असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात. पुष्कळजण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि त्यानं तोल बिघडतो. टोकाचं रबरी बूच झिजलं की बदला, फरशीवर घसरतं.

अर्धं जग नाहीसं होतं तेव्हा

मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, विशेषतः कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला, रक्तपुरवठा तुटला तर डावा हात-पाय बहुधा लुळा पडतो. शिवाय अनेकदा डावी बाजूच जगातून जाते. डोळे चांगले असतात, पण डावीकडे लक्ष जातच नाही. याला एका बाजूचं दुर्लक्ष म्हणतात, आणि ‘दुर्लक्ष’ या नावामुळेच घरातले लोक त्याला निष्काळजीपणा किंवा हट्ट समजतात. आमच्या मते या आजारात रुग्णाला सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट हा गैरसमज आहे.

खुणा घरातच दिसतात. थाळीत उजवीकडची भाजी आणि भाकर संपते, डावीकडचं मीठ, ठेचा आणि कोशिंबीर तशीच राहते आणि ‘मला वाढलंच नाही’ अशी तक्रार येते. दाढी अर्धीच होते. सदऱ्याची डावी बाही घालायची राहते. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो. डावीकडून हाक मारली तर माणूस उजवीकडे शोधतो.

एक सोपी तपासणी आहे. कोऱ्या कागदावर २० सेंटिमीटर लांब आडवी रेघ काढा, कागद रुग्णाच्या छातीसमोर मधोमध ठेवा आणि रेघेच्या बरोबर मध्यावर खूण करायला सांगा. निरोगी माणूस काही मिलिमीटरनंच चुकतो, तेही बहुधा किंचित डावीकडे. दुर्लक्ष असलेल्याची खूण पुन्हा पुन्हा बरीच उजवीकडे पडते. ज्याची फक्त अर्धी नजर गेलेली असते त्याला आपलं काय गेलंय ते कळतं, तो मान वळवून भरून काढतो. दुर्लक्ष असलेल्याला काही हरवलंय हेच ठाऊक नसतं.

हे केवळ डोळ्यांसमोरच्या जगापुरतं नाही. इटलीतल्या मिलानमध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी १९७८ मध्ये अशा रुग्णांना शहरातला प्रसिद्ध कॅथेड्रल चौक मनात आणून वर्णन करायला सांगितलं. चर्चकडे तोंड करून उभे आहात असं समजा, म्हटल्यावर त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग मनातच चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन चौकाकडे तोंड करा, म्हटल्यावर आधी वगळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधीच्या विसरल्या. आठवण पूर्ण होती. ती उलगडून बघताना डावी बाजू गळत होती.

जवळची आणि दूरची जागा मेंदूत वेगळी असते याचा माणसांमधला ठसठशीत पुरावाही इथलाच. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये एक रुग्ण नोंदला गेला: कागदावरची रेघ तो चुकायचा, पण तीच रेघ हाताच्या टप्प्याबाहेर, प्रकाशकिरणानं मध्य दाखवायला लावली की जवळपास बरोबर. मग २००० मध्ये अॅना बेर्ती आणि फ्रान्चेस्का फ्रास्सिनेत्ती यांनी अशाच एका रुग्ण बाईला प्रकाशकिरणाऐवजी लांब काठी दिली. काठीनं दूरची रेघ दाखवताना ती पुन्हा उजवीकडे चुकू लागली. काठीमुळे दूरची जागा ‘जवळची’ झाली आणि तिच्याबरोबर आजारही तिथवर पोचला.

घरी काय करायचं? सुरुवातीच्या दिवसांत पाण्याचा तांब्या, घंटी, मोबाइल उजवीकडेच ठेवा, सुरक्षितता आधी. बोलायला सुरुवात समोरून किंवा उजवीकडून करा आणि बोलता बोलता हळूहळू डावीकडे सरका, म्हणजे नजर आणि मान मागे येईल. थाळीच्या डाव्या काठावर लाल पट्टी चिकटवा आणि ‘आधी लाल शोधा, मग जेवा’ अशी सवय लावा. वर्तमानपत्राच्या डाव्या समासावरही तशीच उभी रेघ मारा. ‘डावीकडे बघा’ असं दिवसभर ओरडण्यापेक्षा ही खूण कितीतरी उपयोगी पडते. डावा हात थोडा जरी हलत असेल तर डावीकडेच टेबलावर ठेवून त्याची बोटं हलवून घ्या. त्यानंही डावी बाजू जागी होते. उठवताना डावा हात धरून ओढू नका, लुळा खांदा निखळतो. खाटेवर तो हात अंगाखाली दबलेला नाही ना, चाकांच्या खुर्चीच्या आऱ्यांत लोंबत नाही ना, हे घरच्यांनीच बघायचं, कारण रुग्णाला ते कळणार नाही.

फिजिओथेरपिस्टकडे प्रिझमचा चष्मा हा एक उपाय असतो. तो दृश्य साधारण दहा अंश उजवीकडे सरकवतो. रुग्ण तो घालून समोरच्या खुणेकडे पन्नासेक वेळा बोट नेतो. आधी उजवीकडे चुकतो, मग जुळवून घेतो, आणि चष्मा काढल्यावर काही काळ त्याचा कल डावीकडे राहतो. फ्रान्समधल्या इव्ह रोसेत्ती यांच्या गटानं १९९८ मध्ये हे दाखवलं. फायदा सगळ्यांना सारखा होत नाही आणि स्वतःच्या मनानं करण्यातला हा उपाय नाही.

काही रुग्ण ‘माझा हात चांगला आहे’ म्हणत राहतात, किंवा लुळ्या हाताकडे बघून ‘हा माझा नाही, कुणाचा आहे?’ असं विचारतात. हे ऐकून घरचे घाबरतात, बाहेरचं झालं म्हणून भगताकडे नेतात. हे भूत नाही आणि वेडही नाही. देह-आराखड्याच्या त्या भागाला झालेली इजा आहे. अशा माणसाशी वाद घालू नका आणि हो-ला हो करूही नका. त्याचा उजवा हात धरून डाव्या खांद्यापासून बोटांपर्यंत फिरवा, कुठे काय आहे ते बोलत रहा. आणि तोंड वाकडं होणं, हात पडणं, बोलणं अडखळणं हे अचानक झालं तर आधी १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. गावातून निघायला लागणारा वेळही त्यातच मोजायचा.

नसलेला हात दुखतो

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाचा चरक यांत हात गेलेली माणसं आपल्या भागात आहेत. त्यातल्या बहुतेकांना गेलेला हात अजून जागेवर असल्याचं जाणवतं आणि बऱ्याच जणांना तो दुखतो: मूठ घट्ट वळलेली, नखं तळहातात रुतलेली, उघडता येत नाही. अमेरिकन यादवी युद्धातले जखमी तपासणाऱ्या सायलस वेअर मिशेल यांनी १८७१ मध्ये याला ‘भासमान अवयव’ अशा अर्थाचं नाव दिलं. हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही. हुकूम जातात, पण डोळ्यांकडून किंवा स्नायूंकडून ‘झालं’ अशी पोच येत नाही.

विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशानं ती पोच पुरवण्याची युक्ती काढली. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात मावेल एवढा सपाट आरसा छातीसमोर मधोमध उभा करा. चांगला हात आरशासमोर, उरलेला भाग आरशामागे. नजर प्रतिबिंबावर. दोन्ही हात एकदमच हलवतोय असं मनात धरून मूठ हळू उघडा, मिटा, मनगट वळवा. १५ मिनिटं रोज, निदान चार आठवडे. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढा. हातावर गोंदण असेल तर पूर्ण बाही घाला, कारण गेलेल्या हातावर ते नव्हतं आणि मेंदू तेवढ्या खुणेवरून ‘हा माझा नाही’ ठरवू शकतो. आरसा कललेला असेल, मागचा भाग दिसत असेल, किंवा हालचाल भरभर केली तर उपयोग होत नाही. चक्कर आली किंवा वेदना वाढली तर थांबा आणि थेरपिस्टला विचारा.

पाय जमिनीवर आहेत हे न कळणं

सर्वांत जास्त घरांत असलेला प्रश्न हा आहे, आणि त्याकडे लक्ष सर्वांत कमी जातं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांचे लांब मज्जातंतू आधी खराब होतात. मुंग्या येतात, मग पाय बधिर होतात, आणि पुढे अंगस्थितीची जाणीवही क्षीण होते. कुष्ठरोगात आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही पायांची बातमी तुटते. तोल मग डोळ्यांच्या जिवावर चालतो. म्हणून पहिली खूण न्हाणीघरात दिसते: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माणूस डुलतो.

डॉक्टर हेच तपासतात. पाय जुळवून उभं करतात, मग डोळे मिटायला सांगतात. डोळे मिटल्यावर तोल जायला लागला तर दोष अंगस्थितीच्या जाणिवेत असू शकतो. घरी कराल तर दोन्ही बाजूंना माणूस उभा हवा. दवाखान्यात १२८ हर्ट्झचा कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून बघतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी ही तपासणी मागून घ्यावी.

शेतीला थ्री फेज लाईट रात्रीची असली की पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. बधिर पायाचा माणूस अंधारात ओल्या बांधावर चालतो तेव्हा डोळ्यांची आणि पायांची अशा दोन्ही बातम्या बंद असतात. उरतो फक्त आतला कान. अशा माणसानं डोक्याला बांधायची बॅटरी लावावी, म्हणजे हात मोकळे राहतात आणि काठी धरता येते. काठीमुळे जमिनीची बातमी तळव्याऐवजी तळहातातून येते. अनवाणी जाऊ नये. बूट घालण्याआधी उलटा करून झटकावा, आत खडा किंवा काटा राहिला तर कळणार नाही. रोज रात्री तळवा आरशात बघावा. पाय शेकायला शेकोटीजवळ किंवा गरम पाण्यात घालू नयेत. पाणी कोपरानं किंवा घरातल्या दुसऱ्या माणसानं तपासावं.

बी-१२ ची कमतरता मांस-अंडी न खाणाऱ्यांत आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत जास्त आढळते. ती साध्या रक्ततपासणीत कळते आणि इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. फार उशीर झालेला असेल तर मात्र पायांची गेलेली जाणीव पूर्ण परत येत नाही, म्हणून साबण लावताना तोल जातो एवढ्या तक्रारीवरही तपासणी करून घ्यावी.